एक्कावन्न किलोचा वाद

नाशिकरोड, १२ जून २००५

कोंडाजी,

वर आधी 'प्रिय' लिहिलं आणि खोडलं. मग 'सप्रेम नमस्कार' लिहिला, तोही खोडला. दोन कागद वाया गेले, म्हणून आता नुसतंच कोंडाजी. सात वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. सविताचे गुडघे दुखतात, माझ्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला, बाकी चाललंय तसं चाललंय.

काम असं आहे. आपल्या बॉक्सिंग संघटनेला पंचवीस वर्षं होतायत, त्याची स्मरणिका निघणार आहे. नवे सेक्रेटरी पोरगेलेसे आहेत, डोक्यात कल्पना फार. प्रत्येक वजनगटातला आजवरचा सर्वांत तंत्रशुद्ध बॉक्सर कोण, यावर जुन्या लोकांनी एकेक लेख लिहायचा म्हणे. एक्कावन्न किलो माझ्या गळ्यात पडले. "सर, तुम्ही आणि कोंडाजी सर या एका प्रश्नावर दहा वर्षं भांडलात ना?" असं हसत हसत विचारत होते. मी म्हणालो, सहा. पुढची सात आम्ही बोललोच नाही, हे काही सांगितलं नाही.

माझं मत तुला पाठ आहे, तरी पुन्हा लिहितो. संतोष. का, तर त्याचा गार्ड. हनुवटी खाली, कोपरं फासळ्यांना चिकटलेली, आणि डावा हात ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं परत. बाकीची पोरं डावा मारतात आणि हात तिथंच हवेत विसरून येतात. संतोष कधी विसरला नाही. दमला तरी नाही, मार खाल्ला तरी नाही. पुस्तकातलं चित्र बघून काढावा तसा मुलगा होता, आणि त्याला तू काढलास.

म्हणजे तू 'नाही' म्हणणार हे आलंच. हॉलचा नियम तुझाच ना. आपण घडवलेल्या पोराला आपण चांगलं म्हणायचं नाही, दुसऱ्यानं म्हणायचं. आपण म्हटलं की पोर हवेत जातं आणि हवेतल्या पोराला कुणीही पाडतं. तू रेल्वेतला फिटर, मी शाळेतला पी.टी. मास्तर, पण तुझं हे म्हणणं मला इतकं पटलं होतं की मी ते शाळेतसुद्धा चालू केलं. संतोष तुझा, म्हणून त्याची वकिली माझ्याकडे. बुधा माझा, म्हणून त्याची तुझ्याकडे. रोज संध्याकाळी पोरं सराव करतायत आणि आपण दाराशी दोन लोखंडी स्टुलं टाकून कोर्ट भरवलंय. माझ्या आयुष्यात त्याच्याइतकी मजा पुन्हा आली नाही, हे आता लिहून टाकतो. साठी उलटल्यावर लाजायचं काय?

सेक्रेटरी मालेगावच्या अन्वरचंही नाव घेतात. डावखुरा होता, हात देखणा होता, पण पायांचं काय? पाय नसलेल्या माणसाला मी तंत्रशुद्ध म्हणणार नाही. त्याबाबतीत तरी तुझं-माझं एकमत असावं.

मत कळव. पोस्टकार्ड पुरेल.

धोंडीराम


नाशिकरोड, ३ जुलै २००५

कोंडाजी,

तुझं कार्ड मिळालं. "बुधा." एवढं एकच नाव, खाली सही, बाकी अख्खं कार्ड कोरं. सविता म्हणाली, "भाऊजींनी शाई वाचवली." तरी मी ते कार्ड चारदा वाचलं, काय सांगू.

तू कारणं दिली नाहीस, पण तुझी बाजू मी तुझ्याहून नीट मांडू शकतो. तू म्हणणार, धोंडीराम, गार्ड ही भिंत आहे आणि भिंत कुणीही बांधतो. तंत्र म्हणजे समोरच्याला चुकीच्या जागी बघायला लावणं. बुधा हूल द्यायचा तेव्हा खांदा हलायचा, नजर हलायची, समोरचा हात वर घ्यायचा आणि ठोसा भलतीकडून पोटात. त्याला अंगावर ठोसे घेताना मी फारसं पाहिलं नाही. चौदाव्या वर्षी पेठच्या पुढच्या पाड्यावरून आदिवासी मुलांच्या वसतिगृहात आला, वजन छत्तीस किलो, आणि पहिल्या दिवशी त्यानं मला एकच विचारलं होतं, "गुरुजी, मारायचं शिकवणार का नाय लागायचं शिकवणार?" मी म्हणालो, आधी न लागायचं. ते त्यानं असं शिकून घेतलं की पुढं मला शिकवायला फारसं उरलं नाही.

बघ, नियम मोडून बसलो. हे तू वाचलं नाहीस असं समज. माझं मत संतोष.

आता खरं सांगायचं ते. परवा संतोष घरी आला होता. रेल्वेत मजेत आहे, पोट थोडं सुटलंय. म्हणाला, "सर, पेठजवळच्या आश्रमशाळेत बॉक्सिंगचा वर्ग सुरू होतोय, मानधनावर शिकवणारा हवाय. बुधाचं नाव मी सुचवून आलो." मी विचारलं, बुधा हल्ली काय करतो? पावसाळ्यात घरचं भात आणि नागली, दसऱ्यानंतर दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांवर छाटणीला. बायको-मुलांसकट चार महिने तिकडेच पाल ठोकून राहतात. हे काम मिळालं तर गाव सोडावं लागणार नाही.

अडचण अशी की शाळेला राज्य स्पर्धा खेळलेला माणूस पाहिजे आणि बुधा राज्य खेळला नाही. का खेळला नाही ते आपल्या दोघांना माहीत आहे. मुख्याध्यापक माणूस बरा दिसतो. दोन जुन्या प्रशिक्षकांनी एका कागदावर लिहून दिलं, की हा त्या दर्जाचा होता, तर आपण घेऊ म्हणालाय. पाच सप्टेंबरपर्यंत कागद हवा. संतोष सांगत होता आणि बोलताना माझ्याकडे बघत नव्हता. शेवटी चपला घालताना म्हणाला, "सर, त्या फायनलबद्दल मी आजवर कुणाशी बोललो नाही. पण त्या दिवशी मला मार बसत होता. खूप बसत होता." आणि गेला.

मी कागद तयार केला आहे, खाली सही केली आहे. सोबत पाठवतो. तुझी सही करून परत पाठव. माझ्यावरचा राग बाजूला ठेव, काम बुधाचं आहे.

धोंडीराम


नाशिकरोड, ७ ऑगस्ट २००५

कोंडाजी,

कागद तुझ्या सहीविनाच परत आला. सोबत चिठ्ठी. "तुझ्या सहीखाली माझी सही येणार नाही. अठ्ठ्याण्णव साली काय केलंस ते आधी लिही." अक्षर पूर्वी इतकं थरथरत नव्हतं तुझं. तब्येत बरी आहे ना? इगतपुरीचा पाऊस या वयात मानवत नाही, सांधे धरतात. बदली मागून तिकडे गेलास तेव्हाच सविता म्हणाली होती.

लिहितो. तीन आठवडे लिहीन लिहीन म्हणतोय आणि पेन हातात घेतलं की डुलकी लागते. दमायला होतं रे. शरीरानं नाही, हे एकच ओझं इतकी वर्षं एकाच खांद्यावर घेऊन दमायला होतं.

राज्य स्पर्धेसाठी जिल्हा संघाची निवड, एक्कावन्न किलो, फायनलला संतोष आणि बुधा. दोघं आपल्याच हॉलचे. मी त्याच्या आदल्या वर्षी पंचाची परीक्षा पास झालेलो, तिसऱ्या खेपेला, चोपन्नाव्या वर्षी. निळा कोट शिवून घेतला होता, खिशावर बिल्ला. त्या दिवशी मी नुसता बघायला बसणार होतो. पण पाचव्या पंचाची गाडी कसाऱ्याच्या घाटात बंद पडली आणि आयोजक माझ्याकडे आले. मी म्हणालो, पोरं माझी आहेत. ते म्हणाले, "दोघंही तुमचीच, मग पक्षपात कसला?" त्यावर मला उत्तर सुचलं नाही. खरं तर मला ते सुचू द्यायचंच नव्हतं, नवा कोट होता.

मुंबईहून ते मशीन पहिल्यांदाच आलं होतं, आठवतंय? प्रत्येक पंचापुढे दोन बटणं, एक लाल, एक निळं. ठोसा बसला की दाबायचं. पाचपैकी तिघांनी एका सेकंदाच्या आत दाबलं तरच गुण. एकट्यादुकट्याचं काही धरलं जात नाही. चार बाजूंना बसलेल्यांना प्रत्येक ठोसा दिसतो असंही नाही. बहुतेक वेळा दोघांचं जुळायचं, तिसऱ्याची गरज लागायची.

बुधा डावा मारायच्या आधी त्याची उजवी टाच जरा उचलली जायची. मग हूल, आणि मग ठोसा. ही टाच मी पाचशे वेळा ओरडून त्याला सांगितली होती, जगात दुसऱ्या कुणाला ती दिसत नसे. त्या दिवशी मी रिंगच्या कडेला बसलो आणि टाच उचलली रे उचलली की माझा अंगठा बटणावर. ठोसा बसायच्या आधीच मी दाबून मोकळा होत होतो. बाकीचे ठोसा बसल्यावर दाबत होते, त्यांचं बरोबर होतं. मधल्या हुलीत माझा सेकंद संपून जायचा. संतोषला तू शिकवलंस, त्याच्या अंगातलं मला आधी काही कळत नसे. त्यामुळे त्याचा ठोसा बसला की मी दाबायचो, इतरांबरोबर, अगदी नियमात.

अकरा विरुद्ध नऊ. संतोष विजयी.

तुला वाटलं मी बुधासाठी दाबलंच नाही. निःपक्षपाती दिसावं म्हणून स्वतःच्या पोराला पाडलं. तू ज्यूरीच्या टेबलाशी जाऊन ओरडत होतास. जिंकलेल्या पोराचा कोच हरलेल्यासाठी तक्रार करतोय, असं त्या टेबलावरच्यांनी जन्मात पाहिलं नसेल. तू मला म्हणालास, "कोटाची इस्त्री मोडू नये म्हणून लेकरू गाडलंस." हॉलभर ऐकू गेलं. मी दाबलं होतं, कोंडाजी. सगळ्यांत जास्त मीच दाबलं होतं.

दहा मिनिटांत मला ते कळलंही. मशीनमधून कागदाची पट्टी निघते, प्रत्येक पंचानं किती दाबलं त्याची. ज्यूरीतल्या एकानं ती मला दाखवली, हसला. बुधाच्या नावावर इतर चौघांचे सोळा, सतरा, पंधरा, सतरा. माझे एकतीस. संतोषच्या नावावर सगळ्यांचे बारा-तेरा. म्हणजे चौघांच्या डोळ्यांनी बुधा जिंकला होता. "सर, तुम्ही फार पुढचं बघता," असं तो म्हणाला आणि पट्टी माझ्या हातात ठेवली. लेखी तक्रारीला अर्धा तास असतो. अजून वीस मिनिटं होती. मला विचारण्यात आलं, तुम्हाला काही सांगायचंय का? मी म्हणालो, जे दिसलं ते दाबलं.

खरं सांगितलं असतं तर लढत पुन्हा झाली असती आणि माझा बिल्ला गेला असता. एवढाच हिशेब होता. तुला वाटलं तितका मोठा डाव नव्हता, माझं कारण त्याहून फार हलकं होतं. ती पट्टी परीक्षेच्या सर्टिफिकेटबरोबर फाइलीत होती, सोबत जोडली आहे. शाई उडालीय पण आकडे वाचता येतात.

सगळ्यात वाईट अजून लिहिलेलं नाही. नंतर कपडे बदलायच्या खोलीत बुधा बाकावर बसला होता, हाताच्या पट्ट्या सोडत. मला म्हणाला, "गुरुजी, माझं लागत नव्हतं का?" खोलीत आम्ही दोघंच. पट्टी माझ्या खिशात होती. मी म्हणालो, "मशीन खोटं बोलत नाही." तो "बरं" म्हणाला. पुढच्या आठवड्यात वसतिगृहातलं सामान घेऊन गावी गेला तो परत रिंगवर चढला नाही. त्या वर्षी राज्य खेळलेली दोन पोरं रेल्वेत लागली, त्यातला एक संतोष.

त्यानंतर मी पाच वर्षं पंचगिरी केली. चांगला पंच म्हणून नाव आहे माझं. डोळा अधू झाल्यावर सोडली.

एवढं आहे. आता तुला सही करायची तर कर. माझी सही नको असेल तर ती खोडून दुसरं कुणी शोध, पण तारीख चुकवू नकोस.

धोंडीराम


नाशिकरोड, ४ सप्टेंबर २००५

कोंडाजी,

सही पोहोचली. माझ्या सहीखाली भरपूर जागा असताना तू ती वर, ओळींच्या मधोमध, वाकडी कोंबली आहेस. मुख्याध्यापकांना शेवटची ओळ वाचायला त्रास होईल, पण असू दे. शब्द लिहून दिला होतास तो पाळलास, खाली नाही आलास.

चिठ्ठीत एकच ओळ होती. "बुधाला सांगितलंस का?" म्हणून शुक्रवारी पेठची एसटी धरली, पुढे जीपनं आणि मग पायी. गुडघे सविताचे जातील असं वाटलं होतं, माझेच गेले.

बुधा शेतात होता. आता साठ किलोच्या वर असेल, खांदे तसेच. मला बघून धावत आला, पाया पडला, हातपाय धुवायला पाणी दिलं. त्याची बायको नवसाबाई, तिनं नागलीची भाकरी आणि उडदाचं पिठलं केलं. जेवण होऊ दिलं. मग दारासमोरच्या बांधावर बसून सगळं सांगितलं. मशीन, टाच, एकतीस, वीस मिनिटं, तुझं ओरडणं, माझा कोट. तुला लिहिलं त्यापेक्षा वाईट शब्दांत सांगितलं, कारण समोर बसलेल्या माणसापुढे वाक्यं सजवता येत नाहीत.

तो गवताची काडी मोडत ऐकत होता. मधे एकदाच म्हणाला, "टाच अजून उचलते. कुदळ मारताना पण उचलते." नवसाबाई दारातून म्हणाली, "मंग ह्यांनी कायला सोडलं व्हतं?"

कागद त्यानं दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला. सोमवारी शाळेत जातो म्हणाला. दसऱ्यानंतर छाटणीला जायचं नाही, हे कळल्यावर नवसाबाईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, झालं. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं. हलकं वाटलं म्हणजे किती, तर बुधा मला गाडीवर सोडायला फाट्यापर्यंत आला आणि मी वाटेत चक्क गप्पा मारत होतो.

फाट्यावर थांबलो असताना मला वाटलं आता सांगावं. म्हणालो, "बुधा, स्मरणिकेचा लेख लिहून दिलाय. एक्कावन्न किलोतला सर्वांत तंत्रशुद्ध म्हणून तुझं नाव घातलंय." खरंच घातलंय, तुला सांगायचं राहिलं. आपला वाद तू जिंकलास. माझं मत पहिल्या वर्षापासून तेच होतं, नियमापायी मी सहा वर्षं उलट बोललो. मला वाटलं तो खूश होईल. आपण काही दिलं की समोरच्यानं खूश व्हावं, असं म्हाताऱ्या माणसाला फार वाटतं.

बुधा रस्त्याकडे बघत म्हणाला, "तुमी तर रोज संतोष म्हणायचे, गुरुजी."

"अरे, तो आमचा वाद होता. दाराशी बसून गंमत चालायची."

"मी तिथंच दोरीवर उड्या मारायचो. रोज ऐकायचो. कोंडाजी सर बुधा म्हणायचे, तर मला वाटायचं, ते मायेनं म्हणतात. माझे सर तुमी. तुमी संतोष म्हणायचे."

"हॉलचा नियम होता तो. आपल्या पोराला आपण चांगलं म्हणायचं नाही."

"तो नियम आमाला कोणी सांगितला नाय."

कोंडाजी, आपण खरंच कुणाला सांगितला नव्हता. मी आठवून आठवून पाहिलं. तुला माहीत, मला माहीत, आणि पंधरा पोरं हॉलमध्ये.

मी म्हणालो, "चूक माझ्या बटणाची होती बुधा, तुझे ठोसे लागत होते." तो म्हणाला, "मला लागल्यागत वाटत होतं. हाताला कळतं ना. पण मशीन नाय म्हणालं, आन् तुमी तर आधीपासून नायच म्हणत होते. मला वाटलं, दोगंबी म्हणतात म्हंजी खरंच असंल. हातालाच खोटं वाटत असंल." मग एक टेम्पो गेला. तो म्हणाला, "तुमी एकदा जरी म्हणले असते ना, का बुधा चांगलाय, तर त्या मशीनचं मी कायला ऐकलं असतं?"

रागानं नाही म्हणाला. रागावला असता तर मी खाली मान घालून ऐकलं असतं, तुझ्यामुळे त्याची सवय आहे. त्याला खरंच कळून घ्यायचं होतं. बिल्ल्याची गोष्ट मी कबूल करून आलो होतो, आणि त्यानं माझ्यासमोर ठेवली ती दुसरीच. ती एका दिवसाची नव्हती, सहा वर्षांच्या प्रत्येक संध्याकाळची होती, आणि त्या वेळी मी हसत होतो.

गाडी आली. त्यानं माझी पिशवी खिडकीतून आत दिली आणि "सांभाळून जावा" म्हणाला. पाया पडला नाही. विसरला असेल.

शाळेनं पहिला वर्ग पुढच्या सोमवारी, बारा तारखेला ठेवलाय, दहा-बारा पोरं असतील. इगतपुरीहून तुला दोन गाड्या बदलाव्या लागतील, पाऊसही असेल, तरी जा. आपला तो नियम मोड. पोरांच्या देखत, मोठ्यानं, त्याला चांगला म्हण. मी फाट्यावर गाडी सुटताना खिडकीतून म्हणून पाहिलं. तो नुसता हसला. माझं त्याला आता खरं वाटत नाही.

धोंडीराम